प्रस्तावना तोकडी आहे : विकिपीडियाच्या एका साच्याचं परीक्षण

परीक्षण लिहायचंच तर मिसळीचं लिही, असं घरच्यांचं म्हणणं. नाशिकमध्ये राहून मिसळीवर मत नसणं हा गुन्हा आहे, मान्य. पण मिसळीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहितेय विकिपीडियावरच्या एका चौकटीबद्दल. ती फुकट आहे, तिची जाहिरात होत नाही, तक्रार करायला कुठला टोल फ्री नंबर नाही, आणि ती रोज लावणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांना ती नेमकी कशासाठी आहे याचा पत्ता नसतो.

चौकटीचं काम सरळ आहे. लेख भरपूर लांब आहे, पण पहिल्या उपशीर्षकाच्या आधीचा मजकूर, म्हणजे प्रस्तावना, एका ओळीत उरकलेली आहे, असं दिसलं की लेखाच्या माथ्यावर ही लावायची. नाव टाकलं की पानावर आपोआप उमटणाऱ्या अशा तयार मजकुराला विकिपीडियावर साचा म्हणतात. इंग्रजी विकिपीडियावर या साच्याचं नाव ‘लीड टू शॉर्ट’ (Lead too short). लेखाचा स्रोत उघडायचा, दुहेरी महिरपी कंसांत हे नाव टाकायचं, बदल प्रकाशित करायचा. पानावर कडेला रंगीत पट्टी असलेली चौकट उमटते. तिच्यातल्या मजकुराचा आशय असा की, या लेखाची प्रस्तावना मुख्य मुद्द्यांचा सारांश द्यायला बहुधा अपुरी आहे, लेखातल्या सगळ्या महत्त्वाच्या बाजूंचा सोपा आढावा येईल अशी ती वाढवावी. शेवटी महिना आणि साल. महिना घालायचा राहिला तर एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, मागाहून येऊन घालून जातो. मग लेख त्या महिन्याच्या देखभाल वर्गात, म्हणजे दुरुस्ती हव्या असलेल्या लेखांच्या यादीत, जाऊन बसतो, आणि असली कामं आवडीनं करणारी मंडळी त्या वर्गातून एकेक लेख उचलतात. खातं थोडं जुनं झालं की ट्विंकल नावाचं अवजार वापरता येतं. त्यात तर काही टाइपही करावं लागत नाही, यादीत खूण केली की साचा लागला.

मराठी विकिपीडियावर याच कामासाठी मी ‘विस्तार’ हा सर्वसाधारण साचा लावते आणि चर्चा पानावर, म्हणजे लेखाबद्दल बोलायला जोडलेल्या पानावर, लिहिते की बाकी लेख ठीक आहे, प्रस्तावना वाढवायला हवी, आणि तिच्यात अमुक अमुक यायला हवं. या शेवटच्या तुकड्यावरच माझं सगळं मत अवलंबून आहे, त्याकडे येतेच.

मी नाशिकच्या एका दैनिकाच्या डेस्कवरून निवृत्त झाले. तालुक्याहून बातम्या यायच्या त्या ‘येथील ग्रामपंचायतीच्या प्रांगणात मान्यवरांच्या शुभहस्ते’ अशा सुरू होणाऱ्या. खरी बातमी, म्हणजे पाण्याच्या टाकीचं काम रखडल्याचं सरपंचांनी भाषणात कबूल केलं, ती पार तळाला, शाल-श्रीफळाच्या खाली दबलेली. ती वर काढायची, इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवातीची वाक्यं, बांधायचा, उरलेलं कापायचं आणि पान सोडायचं. हे काम वर्षानुवर्षं केल्यावर कुठलाही मजकूर उघडला की नजर आधी पहिल्या तीन वाक्यांवर जाते. खोड आहे. लग्नपत्रिकेतही मी आधी तारीख कितव्या ओळीत आहे ते बघते.

मात्र बातमीचा इंट्रो आणि ज्ञानकोशातली प्रस्तावना ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पत्रकारितेतून विकिपीडियावर आलेले लोक इथेच घसरतात. इंग्रजी विकिपीडियाच्या लेखनसंकेतांत तर स्पष्टच म्हटलंय की प्रस्तावना म्हणजे बातमीचा इंट्रो नव्हे. बातमीत सगळ्यात ठसठशीत गोष्ट आधी घ्यायची आणि वाचणाऱ्याला पुढे ओढायचं. ज्ञानकोशात त्याला मोकळं सोडायचं असतं. तो प्रस्तावना वाचून उठून गेला, तरी विषयाचा गाभा त्याच्या हाती लागलेला असला पाहिजे.

काळाराम मंदिराचं उदाहरण घ्या. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, आणि दादासाहेब गायकवाडांनी तो इथे पाय रोवून चालवला. त्या रात्री मी डेस्कवर असते तर इंट्रोत सत्याग्रही आणि बंद दरवाजे आले असते. मंदिर कुणी बांधलं हे शेवटी, जागा उरली तर. ज्ञानकोशात क्रम बदलतो. हे काय आहे नि कुठे आहे ते आधी. पेशवाईत सरदार ओढेकरांनी काळ्या पाषाणात ते बांधवून घेतलं, हे मग. आणि १९३० साली इथे काय घडलं, ते कशासाठी होतं, हे त्याच परिच्छेदात किंवा लगेच पुढच्यात, चुकूनही ‘इतिहास’ नावाच्या उपविभागाच्या चौथ्या परिच्छेदात नव्हे. प्रस्तावना ‘काळाराम मंदिर हे नाशिकमधील एक प्रसिद्ध मंदिर आहे’ एवढ्यावर थांबली, तर तिने खोटं काहीच सांगितलेलं नसतं, आणि तरीही मंदिराची निम्मी ओळख गाळलेली असते. चौकट लावायची ती अशा जागी.

हे सगळं इतकं मनावर का घ्यायचं, असं मला माझ्या भाच्यानेच विचारलं होतं. आता तो विचारत नाही. तो पंचवटीत बाहेरगावच्या लोकांना फिरवतो, रामकुंड, सीतागुंफा, काळाराम, मग गाडीनं त्र्यंबक. मध्यंतरी घरी आला तेव्हा वैतागलेला होता. “मावशी, लोक माझं ऐकतच नाहीत गं. मी बोलत असतो आणि ते फोनमध्ये बघत असतात. फोनमध्ये नसलेलं काही सांगितलं की म्हणतात, भाऊ, इथे तर असं काही लिहिलेलं नाही.”

फोनमध्ये काय दिसतं? शोधयंत्राच्या निकालाशेजारच्या चौकोनात बरेचदा विकिपीडियाच्या सुरुवातीची एक-दोन वाक्यं असतात. संगणकावर विकिपीडियातल्याच एखाद्या दुव्यावर माउस नुसता ठेवला की छोटी खिडकी उघडते, तिच्यातही सुरुवातीचाच मजकूर. आणि मोबाइलवर लेख उघडला की उपविभाग मिटलेले असतात. प्रस्तावना उघडी दिसते, बाकीच्यावर बोट ठेवावं लागतं. रामकुंडाच्या पायऱ्यांवर, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन उभा असलेला माणूस बोट ठेवत नाही. त्याच्यापुरतं, प्रस्तावनेत नाही ते जगात नाही. भाच्याची अडचण तिथली.

सिंहस्थाच्या तोंडावर तर हे आणखी टोचणार आहे. भाच्याला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न कुठला, तर मुख्य स्नान नाशिकला की त्र्यंबकला. उत्तर असं की दोन्हीकडे. वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर स्नान करतात. गुरू सिंह राशीत आला की साधारण बारा वर्षांनी हा मेळा भरतो, म्हणून सिंहस्थ. मागचा २०१५ ला झाला, आताचा २०२६-२७ चा. हे एवढं सिंहस्थावरच्या कुठल्याही लेखाच्या पहिल्या परिच्छेदात हवं. अमृतकुंभाची कथा हवीच, पण ती नंतर. मी चर्चा पानावर हेच लिहिते: ‘दोन ठिकाणं, दोन परंपरा, किती वर्षांनी, मागचा नि पुढचा कधी, हे वर घ्या.’ मग वाढवणाऱ्याला सगळा लेख वाचून डोकं लढवत बसावं लागत नाही.

इथे साच्याचा पहिला दोष सांगते. साचा फक्त म्हणतो ‘छोटी आहे’. काय सुटलंय ते तो सांगत नाही, लावणाऱ्याला विचारतही नाही. त्यामुळे ट्विंकलची खूण करून पुढच्या लेखाकडे पळणाऱ्यांची चंगळ झाली आहे. अशांचं योगदान पाहिलं की एका संध्याकाळी रांगेनं चौकटी लावलेल्या दिसतात आणि एकाही चर्चा पानावर शब्द नसतो. चौकट महिनोन्‌महिने तशीच राहते. वाचणाऱ्याला तिची सवय होते, आणि सवय झालेला इशारा असून नसून सारखाच. दुसऱ्या टोकाला काही जण नवख्यानं लेख सुरू केल्यावर त्याचा दुसरा परिच्छेद पुरा व्हायच्या आत तीन-चार चौकटी एकावर एक रचतात. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेनं आपल्या गावच्या बारवेवर लेख लिहायला घेतला होता. एवढ्या सगळ्या चौकटी पाहून तिला वाटलं आपण काही बेकायदेशीर केलं. पुन्हा त्या बाजूला फिरकली नाही बिचारी.

हेच साधन नीट वापरलं तर काय होतं, ते पांडवलेण्यांवरून दाखवते. समजा लेख मोठा आहे, प्रत्येक लेण्याची वेगळी माहिती आहे, शिलालेखांचा विभाग आहे, आणि प्रस्तावना म्हणते, ‘पांडवलेणी ही नाशिकजवळील प्राचीन लेणी आहेत.’ मी चौकट लावीन आणि चर्चा पानावर हा मसुदा ठेवीन:

‘पांडवलेणी किंवा त्रिरश्मी लेणी हा नाशिक शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरात कोरलेला २४ लेण्यांचा, मुख्यतः बौद्ध समूह आहे. यातली बरीचशी लेणी इसवी सनपूर्व पहिले शतक ते इसवी सनाचे तिसरे शतक या काळातली असून काहींमध्ये पुढे महायान काळात भर पडली. क्रमांक १८ चे लेणे चैत्यगृह आहे, इतर बहुतेक विहार आहेत. सातवाहन आणि क्षहरात क्षत्रप या परस्परांशी लढलेल्या घराण्यांचे शिलालेख येथे आहेत: क्रमांक ३ मध्ये गौतमी बलश्रीने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचा केलेला गौरव, तर क्रमांक १० मध्ये नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांची नोंद. लोकपरंपरेने नाव पांडवांशी जोडले असले तरी लेण्यांचा महाभारताशी ऐतिहासिक संबंध नाही.’

पाच वाक्यं. यातलं एकही लेखाच्या पोटात नसलेलं नाही, फक्त खालून वर आणलंय. शेवटचं वाक्य मी मुद्दाम ठेवते. पायऱ्या चढून दमलेल्या पाहुण्यांपैकी एक तरी जण यातली भीमाची खोली कुठली, असं विचारतोच, आणि भाच्यानं काही सांगायच्या आधी फोननं सांगितलेलं बरं. पायथ्याशी असलेलं दादासाहेब फाळके स्मारक मात्र मी प्रस्तावनेत घेणार नाही. ते जवळ आहे, लेण्यांचा भाग नाही. काय घ्यायचं हे कळायला काय सोडायचं ते ठरवावं लागतं, आणि सोडताना लोक फार हळवे होतात.

लांबीबद्दल. इंग्रजीत संकेत असा की प्रस्तावना चारपेक्षा जास्त परिच्छेदांची नसावी. शंभर शब्दांहून छोटी चांगली प्रस्तावना विरळा, आणि तिथल्या निवडक, नावाजलेल्या लेखांच्या प्रस्तावना साधारण २५० ते ४०० शब्दांच्या असतात. हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नयेत. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे तेवढाच आशय कमी शब्दांत बसतो. माझं माप सोपं आहे: लेखाला जितके मोठे उपविभाग, त्या प्रत्येकाचं निदान एक वाक्य वर दिसलं पाहिजे.

आणि बाइटच्या आकड्यावर तर अजिबात जाऊ नका. लेखाच्या इतिहासात आकार बाइटमध्ये दिसतो. देवनागरीतलं एकेक अक्षरचिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, प्रत्येकी तीन बाइट खातं, रोमन अक्षर एकच. म्हणजे नऊ हजार बाइटचा मराठी लेख हा जेमतेम तीन हजार चिन्हांचा. इंग्रजीच्या सवयीनं आकडा बघणाऱ्याला तो घसघशीत वाटतो, मग तो म्हणतो लेख मोठा, प्रस्तावना तोकडी, लाव चौकट. उघडून बघावं तर मुळात लेखच तेवढासा, आणि त्याला दोन ओळींची प्रस्तावना अगदी बेताची.

यावरून गावांच्या लेखांकडे येते, कारण मराठीत खरी गोची तिथे आहे. जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याचं पान उघडा आणि एखाद्या लहान गावावर जा. ‘हे भारतातील महाराष्ट्र राज्यातील नाशिक जिल्ह्यातील अमुक तालुक्यातील एक गाव आहे.’ खाली भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे अशी उपशीर्षकं ओळीनं उभी, आणि पुष्कळदा त्यांच्याखाली काहीच नाही. उपशीर्षकं मोजली तर लेख भरगच्च, वाचायला गेलं तर रिकामा. अशा पानाला ‘प्रस्तावना वाढवा’ म्हणणं म्हणजे नुसत्या चौकटी उभ्या असलेल्या घराच्या दाराला रंग कमी पडला म्हणणं. तिथे आधी मजकूर हवा. गावात आठवडे बाजार कुठल्या वारी भरतो, पाणी कुठल्या धरणाचं की विहिरीचं, जत्रा कुणाची, शाळा कितवीपर्यंत. तेही संदर्भासकट. प्रस्तावनेची चौकट फक्त भरलेल्या लेखाला लावा, हा माझा हट्ट आहे, आणि तो मोडणाऱ्यांच्या चौकटी मी काढून टाकते. काढायला कुणाची परवानगी लागत नाही. काम झालं असेल किंवा चौकट गैरलागू असेल तर कारण लिहून ती कुणीही उतरवू शकतं. या सोयीबद्दल साच्याला पूर्ण गुण.

ज्या लेखांना चौकट खरोखर शोभते ते बहुतेक किल्ल्यांचे, माणसांचे आणि संस्थांचे. किल्ल्यांवर ट्रेकर मंडळी भरभरून लिहितात, पण लिहितात ते वाट. कुठून चढायचं, पाण्याचं टाकं कुठे, मुक्काम कुठे. साल्हेरचा लेख कसा असावा? हा बागलाणातला, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, १,५६७ मीटर. १६७२ साली इथे मराठ्यांनी मोगलांना मोकळ्या मैदानातल्या लढाईत हरवलं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. ही तीन वाक्यं वर नसतील तर एसटी कुठे बदलायची हे वाचून वाचणाऱ्यानं करायचं काय? अशा लेखाला मी आनंदानं चौकट लावते, कारण माहिती सगळी आत पडलेली असते, ती उचलून वर ठेवणारा हात तेवढा हवा असतो.

माणसांच्या लेखांत जपून. कुसुमाग्रजांसारख्यांच्या बाबतीत प्रश्न नाही. २७ फेब्रुवारीचा जन्म आणि म्हणून त्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन, १९८७ चा ज्ञानपीठ, कविता आणि नाटक दोन्हीकडचं काम, नाशिकमधलं वास्तव्य, एवढं वर आलं की झालं. भानगड होते ती हयात पुढाऱ्यांच्या पानांवर. निवडणूक जवळ आली की कुणीतरी ‘प्रस्तावना छोटी आहे’ अशी चौकट लावतो आणि दुसऱ्या दिवशी दुसरं कुणीतरी ती वाढवतो. वाढवतो म्हणजे काय? एका बाजूचा असेल तर ‘विकासपुरुष’, दुसऱ्या बाजूचा असेल तर एखादा जुना आरोप थेट दुसऱ्या वाक्यात. दोघांचाही बहाणा एकच, चौकटीनंच सांगितलं होतं. नियम तसा पक्का आहे: लेखाच्या पोटात ज्या गोष्टीला जेवढं वजन, प्रस्तावनेत तेवढंच. पोटात संदर्भ असलेल्या साध्या गोष्टीला वर पुन्हा संदर्भ दिला नाही तरी चालतं, पण वादाच्या विधानाला, अवतरणाला आणि हयात माणसाबद्दलच्या टोचऱ्या गोष्टीला वरही द्यावाच लागतो. अशा पानावर मी चौकट लावतच नाही. चर्चा पानावर मसुदा टाकते, दोन्ही बाजूंच्या लोकांना भांडू देते, आणि भांडण निवल्यावर जे उरेल ते वर जातं. डेस्कवर हीच रीत होती, फक्त तिथे भांडण फोनवर व्हायचं.

अलीकडे एक नवी पीडा आली आहे. चौकट बघून लोक यंत्राकडून प्रस्तावना लिहून घेतात. ओळखायला दोन वाक्यं पुरतात. गाव असेल तर ‘निसर्गरम्य परिसरात वसलेले’, मंदिर असेल तर ‘समृद्ध सांस्कृतिक वारसा लाभलेले’, माणूस असेल तर ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’. प्रस्तावना लांब झाली, चौकट निघाली, आणि वाचणाऱ्याच्या पदरात काही पडलं नाही. खरं तर पूर्वी आमचे तालुक्याचे वार्ताहर हे काम यंत्राविना करायचे, त्यामुळे मला कापायची सवय आहे. विशेषणं काढली की मूळची एक ओळ शिल्लक राहते. मी चौकट परत लावते, आणि संपादन सारांशात, म्हणजे बदलाचं कारण द्यायच्या ओळीत, लिहिते: ‘विशेषणं वगळता भर शून्य.’ यावर एकदा एका तरुण संपादकानं मला उद्धट म्हटलं. असेन.

तुलनेला मराठी विश्वकोश घ्यावा लागेल. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली उभा राहिलेला, पहिला खंड १९७६ चा, एकूण २० खंड, आता सगळा संकेतस्थळावर वाचायला मोकळा. त्याची नोंद उघडा आणि सुरुवात वाचा. शीर्षक, अपूर्णविराम, आणि लगेच व्याख्या. उगाच एक शब्द नाही. संपादक नावाचा माणूस पगार घेऊन बसलेला असला की काय होतं ते त्यात दिसतं. पण तिथे मी चौकट लावू शकत नाही. छापील खंडातला लोकसंख्येचा आकडा त्या वेळच्या जनगणनेचा आहे आणि तो तसाच राहणार. विकिपीडियाची बाजू इथे वरचढ. तिथे सुरुवात वाईट असते, पण ती वाईट आहे असं मी तिच्या तोंडावर लिहू शकते, आणि मनात आलं तर लगेच सुधारूही शकते.

आता मनात येण्याबद्दल. माझं स्पष्ट मत: मराठीत चौकट लावण्यापेक्षा प्रस्तावना लिहून टाकणं बहुतेक वेळा जास्त सोपं आहे. इंग्रजीत माणसं भरपूर, वर्गात लेख टाकला की आज ना उद्या कुणीतरी उचलतो. मराठीत लिहिणारे हात थोडे आहेत. मी लावलेली चौकट पुढच्या वर्षी मलाच सापडते. म्हणून मी विषय ओळखीचा असेल तर लिहून मोकळी होते. विषय परका असेल, म्हणजे द्राक्षांवरच्या औषधांचा, ओझरच्या विमान कारखान्याचा, तर चौकट आणि सोबत नेमका प्रश्न. द्राक्षवाल्या लेखावर मी विचारलं होतं की छाटणी वर्षातून दोनदा का, हे प्रस्तावनेत एका वाक्यात कुणी सांगेल का. पिंपळगावकडच्या कुणा बागाईतदारानं येऊन लिहिलं, एप्रिलची छाटणी काडी तयार व्हायला आणि ऑक्टोबरची फळासाठी. इतकं नेटकं वाक्य मला जमलं नसतं. चौकटीनं खरं काम केलं ते अशा वेळी.

संदर्भ शोधायला सार्वजनिक वाचनालय आहेच, १८४० पासूनचं. तिथे गेलं की काम होतं आणि कुणी ओळखीचं भेटून चहाही होतो. जिल्ह्याचं १८८३ चं इंग्रजी गॅझेटियर ही दुसरी खाण, फक्त त्यातली माणसांबद्दलची वर्णनं साहेबाच्या चष्म्यातली आहेत, ती प्रस्तावनेत उचलून आणू नयेत. अंतरं, नद्या, जुने घाटरस्ते यांना ते चालतं.

मोबाइलवर ही चौकट कशी दिसते, हा दुसरा दोष. ती आक्रसून एक-दोन ओळींची होते, पूर्ण मजकूर वाचायला तिच्यावर बोट ठेवावं लागतं. म्हणजे ज्या वाचकासाठी प्रस्तावना वाढवायची, त्याला इशाराही नीट दिसत नाही. लिहिणाऱ्यांसाठी संगणकावर ठीक आहे. भाच्याला दाखवली तर तो म्हणाला, “मावशी, मला वाटलं ही जाहिरात आहे.”

पाचपैकी साडेतीन तारे देते. अर्धा कापला मोबाइलवरच्या अवतारासाठी, आणि एक पूर्ण कापला तो कारण न विचारता लागू देण्यासाठी. बनवणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर एकच मागणी: ‘प्रस्तावनेत काय सुटलंय?’ अशी एक रिकामी जागा ठेवा, आणि ती भरल्याशिवाय चौकट लागूच देऊ नका. कुणाला आजच हात लावायचा असेल तर सिंहस्थाच्या वाटेवरच्या लेखांपासून करा, रामकुंड, कुशावर्त, तपोवन, ब्रह्मगिरी, गंगापूर धरण. शंका आली तर चर्चा पानावर लिहा, मी तिथे असते. साधारण दुपारी चारनंतर, सकाळी पाणी भरायचं असतं.